झबली आटली, ती आमच्या चुकीने

ताई, नमस्कार. तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय काल रात्री वाचला. बारशाआधी तुम्ही आमच्याकडून मलमलची तीन झबली आणि एक कुंची मागवलीत. झबली पहिल्याच धुण्यात आटली. शिवण बाहेरून दिसते, म्हणजे घाईत उलटी शिवली असं तुम्हाला वाटलं. कुंचीला नाडी नाही म्हणून ती डोक्यावर टिकत नाही. दर बाजाराच्या दुप्पट. आणि तक्रार केलीत तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गरम पाण्यात धुतलंत म्हणून आटलं’ एवढंच उत्तर मिळालं.

ते उत्तर माझ्याच फोनवरून गेलं होतं. दुसऱ्या कुणी पाठवलेलं नाही. बाळाचे कपडे गरम पाण्यातच धुवायचे असतात, सगळ्या घरी तसेच धुतात. नवजात बाळासाठी म्हणून विकलेलं कापड गरम पाणी सोसत नसेल तर चूक शिवणाऱ्याची, धुणाऱ्या आईची कधीच नाही. त्या उत्तराबद्दल मी तुमची माफी मागते.

आता झबली का आटली ते सांगते. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे धागे, ओढून धरलेले असतात. आम्ही इचलकरंजीत राहतो, मागाचा खडखडाट ऐकतच मोठे झालो, त्यामुळे हे मला नव्याने कळलंय असंही नाही. त्या ओढलेल्या धाग्यांना पहिल्यांदा भरपूर पाणी लागलं की ते सैलावतात आणि कापड आखडतं, रुंदीपेक्षा लांबीला जास्त. तुम्ही टेप लावून काढलेल्या फोटोतही तेच दिसतं. झबलं बेतलं होतं १२ इंच लांबीचं, धुतल्यावर भरलं सव्वाअकरा. छातीला मात्र पाव इंचाचाच फरक. एवढ्याशा कपड्यात पाऊण इंच म्हणजे मुंढा वर ओढला जाणार आणि बाळाच्या काखेत काचणार. तुम्ही लिहिलेला लाल वळ त्यामुळेच उठला. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

यावरचा उपाय जुनाच आहे. कापड बेतण्याआधी आम्ही अख्खा तागा रात्रभर पाण्यात भिजत घालतो, सकाळी कढत पाण्यातून काढतो, सावलीत वाळवतो आणि मग कात्री लावतो. खळ निघते, आटायचं तेवढं कापड आधीच आटून जातं. आपल्याकडे बाळाचं पहिलं अंगडं आजीच्या जुन्या लुगड्याचं नाहीतर आजोबांच्या धोतराचं शिवायचे, त्यात मायेबरोबर हाही हिशेब होता. शंभर वेळा धुतलेलं कापड आणखी आटणार कुठून?

जुलैत आमच्याकडे आठ दिवस पावसाने उघडीप दिली नाही. भिजवलेलं कापड तीन-तीन दिवस दमट राहायचं, कुबट वास यायला लागायचा. बारशाच्या तारखा तर ठरलेल्या. तेव्हा एका ताग्यावर मी नुसतं पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली आणि बेतायला घेतलं. हा निर्णय माझा होता. आमच्याकडे शिवणाऱ्या बायकांपैकी एकीने मला टोकलंही होतं, पण मी ऐकलं नाही. त्या ताग्यातली ३८ झबली बाहेर गेली. तुमच्या अभिप्रायानंतर वही काढून त्या सगळ्या घरी फोन करायला घेतले आहेत. कुणी ती झबली अजून धुतली नसतील तर बाळाला घालू नका, मला कळवा. आता पावसाळ्यापुरती एक खोली पंखे लावून फक्त कापड वाळवायला ठेवली आहे, आणि वाळलं नाही तर तारीख पुढे जाईल असं मागणी घेतानाच सांगते.

शिवण बाहेर आहे ती मात्र मुद्दाम. पहिल्या तीन महिन्यांच्या मापाची झबली आम्ही कडा बाहेर ठेवूनच शिवतो. बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपलेलं असतं, कुशीखाली आलेली जाड शिवण त्याला रुतते आणि ते सांगू शकत नाही. आतली बाजू म्हणून सपाट, बाहेरच्या कडा दुमडून वरून टीप मारलेली. टोचणारी लेबलंही आत नाहीत. सहा महिन्यांपासूनच्या मापांत शिवण आत जाते, कारण तोवर मूल पालथं पडतं, रांगायच्या तयारीला लागतं, कपडा जमिनीवर घासतो आणि बाहेरच्या कडा उसवतात. हे सगळं तुम्हाला कळायचं कसं? आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. आता प्रत्येक पार्सलात चिठ्ठी घालते.

कुंचीच्या नाडीबद्दल मात्र मी तुमचं ऐकणार नाही, आणि रागावू नका. कुंचीला हनुवटीखाली बंद हवाच, हे माझी आईसुद्धा सांगते. पण बाळाच्या गळ्याशी बांधलेली दोरी पाळण्याच्या कडीत, दुपट्याच्या टोकात, थोरल्या भावंडाच्या मुठीत कुठेही अडकू शकते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ साली मुलांच्या टोपीच्या आणि गळ्याच्या नाड्या काढून टाकायला सांगितलं, ते घसरगुंडीसारख्या ठिकाणी नाडी अडकून मुलं दगावल्यानंतर. युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकातही सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोक्याशी आणि गळ्याशी नाडी चालत नाही. झबल्याला बंद आहेत मग कुंचीला का नाहीत, असं तुम्ही विचारलंत. झबल्याचे बंद पोटाशी आहेत, चारच इंचांचे, गळ्याभोवती जाऊच शकत नाहीत असे, आणि शिवणीतच घेऊन दोनदा टीप मारलेले. कुंची घसरते ही तक्रार मात्र खरी आहे. मानेमागे दोन चुण्या घालून पाहिल्या, आता ती डोक्यावर नीट बसते. तशी एक तुम्हाला पाठवते. तेल-अंघोळीनंतर, वाऱ्यात बाहेर नेताना घाला, झोपवताना मात्र काढून ठेवा.

राहिला दर. एक झबलं १८० रुपयांना. त्यात कापड आणि बंद ५५, शिवणारीच्या हातात ७०, धुणं-वाळवण-इस्त्री-वेष्टन २०, उरलेले ३५ भाडं, वीज आणि आमचे. शिवणारीचे ७० मी कमी करणार नाही. पण त्या वीसांत कापड धुण्याचे पैसे तुमच्याकडून घेतले आणि ते काम केलं नाही, हे मला कबूल आहे.

म्हणून तीनही झबल्यांचे ५४० रुपये आज परत पाठवले आहेत. आटलेली झबली परत करायची गरज नाही. बाळ आता दोन महिन्यांचं झालं, नवजात मापाची बदली देऊन तुम्हाला काय उपयोग? तीन ते सहा महिन्यांच्या मापाची तीन झबली तुमच्यासाठी बेतून ठेवते, त्याच मलमलची, दोनदा धुतलेल्या ताग्यातली. बाजूच्या शिवणीत अर्धा इंच माया ठेवते, बाळ बाळसं धरेल तशी उसवून घ्या. अभिप्राय काढू नका, आहे तसाच राहू द्या.

फक्त एक माप कळवा. अंघोळ घालताना काखेखालून छातीभोवती सुती दोरा फिरवा, आपली दोन बोटं आत जातील इतका सैल धरा आणि तो दोरा टेपवर मोजा. ते माप आलं की चार दिवसांत पार्सल निघेल.