‘एक वर्ष वेगळं राहा, घटस्फोट आपोआप’: व्हायरल मेसेजला एका वकिलाचं उत्तर

एकाच आठवड्यात तीन पक्षकारांनी मला मोबाईल पुढे करून एकच मेसेज दाखवला. ओळीओळीला हिरवी टिकमार्क, खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. मजकूर थोडक्यात असा: नव्या कायद्याप्रमाणे नवरा-बायको एक वर्ष वेगळे राहिले की घटस्फोट आपोआप होतो. दोघं राजी असतील तर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी पुरते. सहा महिने थांबायची अट सुप्रीम कोर्टाने काढून टाकली. बायकोला पगाराचा चौथा हिस्सा आणि निम्मी प्रॉपर्टी मिळते. मूल पाच वर्षांपर्यंत आईचं, पुढे बापाचं. आणि समन्स घेतलंच नाही तर केस जागची हलत नाही.

तिघांपैकी एकाने शेवटच्या ओळीवर अंमलही करून टाकला होता. त्याच्याकडे नंतर येते.

सगळाच मेसेज थाप असता तर सोपं होतं. पण त्यातल्या बहुतेक ओळींच्या मुळाशी एखादं खरं कलम किंवा खरा निकाल आहे, फक्त त्याची अट कापून टाकलेली आहे. मी इथे हिंदू विवाह कायदा, 1955 यापुरतंच बोलते. तो बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती विवाहांचे कायदे वेगळे.

एक वर्षाची गोष्ट घ्या. हे वर्ष कायद्यात आहे, आणि एका जागी नाही, निदान तीन जागी आहे. लग्नाला वर्ष होण्याआधी, अपवाद सोडला तर, घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही (कलम 14). परस्पर संमतीच्या अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं (कलम 13ब). आणि नांदायला येण्याचा हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम निर्णय) होऊनही वर्षभर कुणी नांदलं नाही, तर त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. तिन्ही ठिकाणी वर्ष संपल्यावर मिळतो तो फक्त अर्ज करण्याचा हक्क. सोडून दिल्याच्या कारणावर जायचं असेल तर एक नाही, सलग दोन वर्षं लागतात. तुम्ही दहा वर्षं वेगळे राहा, कोर्टाचा हुकूमनामा नसेल तर कागदोपत्री तुम्ही नवरा-बायकोच. ‘संसार पार मोडलाय’ एवढ्याच कारणावर लग्न संपवण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाने 1 मे 2023 च्या निकालात सांगितला, पण तो घटनेच्या कलम 142 खालचा त्यांचा स्वतःचा. आमच्या कोर्टातल्या न्यायाधीशांकडे तो नाही.

स्टॅम्प पेपरच्या ओळीने मात्र मी जास्त चिडते, कारण तिची नासधूस मी टेबलावर पाहिली आहे. एका मुलीचे वडील आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद, घड्यांवर शाई उडालेली, वर ‘फारकतनामा’. दोघांच्या सह्या, भावकीतल्या पाच जणांच्या सह्या, नोटरीचा लाल शिक्का. चार वर्षांपूर्वीचा. मुलीचं दुसरं लग्न जमत होतं आणि नव्या घरच्यांनी हुकूमनाम्याची नक्कल मागितली. शहाणी माणसं. वडील म्हणाले, “मॅडम, शिक्का आहे की.” शिक्का होता. नोटरी सही कुणी केली एवढं सांगतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. ज्या समाजात घटस्फोटाची जुनी रूढी आहे, तिथे कलम 29 ती रूढी राखतं हे खरं. पण ती रूढी कोर्टात मांडून पुराव्याने शाबित करावी लागते, हे सुप्रीम कोर्टाने 2002 साली यमनाजी जाधव प्रकरणात स्पष्ट केलंय. त्या मुलीला संमतीचा अर्ज करायचा तर पहिल्या नवऱ्याची सही पुन्हा हवी होती, आणि चार वर्षांपूर्वी हसत सही करणारा तो आता सहीचे पैसे मागत होता. त्या कागदाच्या भरवशावर तिने लग्न उरकलं असतं, तर दुसरं लग्न रद्दबातल आणि वर द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

संमतीचा अर्ज केल्यावर सहा महिने थांबायची अट रद्द झालेली नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालाने न्यायाधीशांना ती माफ करण्याची मुभा दिली. त्यासाठी वेगळं राहिल्याला सगळे मिळून दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचं खरोखर मिटलेलं हवं. अर्ज करावा लागतो, तो नामंजूरही होतो. आणि शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून मी पक्षकारांना सांगते, ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन टाकू नका आणि सगळी शेवटच्या तारखेवरही ठेवू नका.

आता पैशाचं. 25 टक्के हा आकडा कुठून आला ते ठाऊक आहे. 2017 साली पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम वाजवी म्हटली. त्याच निकालात नवऱ्याच्या दुसऱ्या संसाराकडे पाहून रक्कम 23,000 वरून 20,000 वर आणली, हे मेसेजमध्ये कशाला येईल! ठरलेलं सूत्र नाही. नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र घालावं लागतं, आणि खरी लढाई त्या कागदावर होते. नवरा ‘शेती करतो, उत्पन्न नाही’ लिहितो आणि बँकेच्या उताऱ्यात ट्रॅक्टरचा हप्ता दिसतो. बायको ‘घरकाम’ लिहिते आणि खात्यात दर महिन्याच्या सात तारखेला पगार पडलेला असतो. कलम 24 खाली नवराही पोटगी मागू शकतो, हे ऐकून लोक हसतात, पण कायद्यात आहे.

रजनेश निकालानेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची ठरवली. म्हणजे महिना 8,000 ठरले आणि हुकूम व्हायला 26 महिने लागले, तर पहिल्याच दिवशी 2,08,000 थकबाकी अंगावर. तारखा लांबवून पैसे वाचतात असं समजणाऱ्यांनी हा गुणाकार करून पाहावा. मधल्या काळात हातात रोख दिलं असेल तर त्याचा पुरावा शून्य. बँकेतून पाठवा.

निम्म्या प्रॉपर्टीला आधारच नाही. स्त्रीधन बायकोचं, जे दोघांच्या नावावर ते दोघांचं. राहत्या घरातून बायकोला हुसकावता येत नाही, हा कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा हक्क आहे, पण तो राहण्याचा, मालकीचा नाही.

मुलांच्या बाबतीत पाच वर्षांचा उल्लेख 1956 च्या पालकत्वाच्या कायद्यात आहे: पाच वर्षांखालचं मूल ‘सामान्यतः’ आईकडे. पाचव्या वाढदिवसाला बापाने येऊन घेऊन जावं असं त्यात कुठेही नाही. मुलाचं हित काय, एवढंच पाहिलं जातं. बरेच न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावतात, वकिलांना बाहेर थांबवतात. शाळेतल्या बाईंचं नाव, शेजारी कोण बसतं, डबा कोण भरतं, असले प्रश्न. पढवून आणलेलं पोर ‘मला पप्पा नकोत’ हे वाक्य तिसऱ्या प्रश्नाला स्वतःहून म्हणून दाखवतं, आणि तिथेच कळतं.

मेसेजमध्ये ‘वकिलांच्या नादी लागू नका’ असंही होतं. यात माझं पोट अडकलंय, त्यामुळे एवढंच सांगते: कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 प्रमाणे तिथे वकील हा हक्क नाही, न्यायालय परवानगी देतं. स्वतः उभं राहता येतं. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे तुमचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे इतर दाव्यांच्या गर्दीत चालतो. उलटतपास मात्र दोन्हीकडे उलटतपासच.

राहता राहिला समन्स चुकवणारा. समन्स पोहोचवणारा कोर्टाचा बेलिफ दोनदा आला, दोन्ही वेळा आईने ‘तो इथे राहत नाही’ सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने समन्स दाराला डकवलं, तसा अहवाल दिला आणि कोर्टाने ते बजावलं असं धरलं. त्यानंतर दर तारखेला पुकारा होत राहिला, रोजनाम्यात ‘जाबदार गैरहजर’ पडत राहिलं, शेवटी एकतर्फी हुकूमनामा झाला. त्याला हे कळलं ते पोटगीच्या वसुलीची नोटीस ऑफिसात आली तेव्हा.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला 30 दिवस असतात. समन्स रीतसर बजावलं नसेल तर ते दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. “मग तसंच लिहू, मला माहितीच नव्हतं,” तो म्हणाला आणि सोबतची फाईल उघडली. वरचाच कागद समन्स होता. चारही कोपऱ्यांना वाळलेली खळ, तिला चिकटलेला दाराचा निळा रंग.