आपोआप आलं

घरच्या कॉम्प्युटरवर जाहिराती उगवायला लागल्या की आधी एक वाक्य पाठ करा: ‘मी काही केलं नाही, ते आपोआप आलं.’ घरात, फोनवर, दुरुस्तीच्या दुकानात, सगळीकडे ते एकाच सुरात म्हणता आलं पाहिजे. जोर ‘मी’वर द्यायचा नाही, तसं केलं की स्वयंपाकघरातून कुणीतरी मान वर करून बघतं. जोर ‘आपोआप’वर. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, गव्हात किडे होतात, तसं कॉम्प्युटरला जाहिराती आणणारं अ‍ॅडवेअर होतं. कुणी आणत नाही.

हे वाक्य हक्कानं म्हणायचं भाग्य तसं फार थोड्यांना लाभलंय. 2014च्या सुमाराला लेनोव्होनं आपल्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचं प्रकरण आधीच घालून विकलं होतं. गिऱ्हाइकानं खोका फोडला, हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं, की जाहिराती हजर. वर हे सुपरफिश सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्राच्या, म्हणजे ओळखपत्राच्या, जागी स्वतःचंच प्रमाणपत्र पुढे करायचं, आणि सगळ्या लॅपटॉपांत त्याची किल्ली एकच. म्हणजे अख्ख्या चाळीला एकच कुलूप, आणि किल्ली ज्याच्या हाती लागेल त्याची. 2015च्या फेब्रुवारीत बोभाटा झाला तेव्हा ते काढायचं साधन कंपनीलाच द्यावं लागलं. त्या लोकांनी ‘आपोआप आलं’ म्हटलं तर शोभतं. तुमच्या-माझ्याकडे ते नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, नेक्स्ट, फिनिश अशा मार्गानं, उंबरठ्यावरचं माप ओलांडून आलेलं असतं. पण मदतीला आलेल्या माणसाला हे सांगायची काही गरज नाही.

मदत कुणाकडे मागायची? भाच्याकडे. आमचा हिंजवडीत असतो. तो एका कंपनीच्या पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर तपासतो, पण आयटीत आहे म्हणजे त्याला प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं आलंच पाहिजे. फोन सोमवारी सकाळी अकराला करावा. तेव्हा तो मीटिंगमध्ये असतो, त्यामुळे आवाज खाली ठेवून बोलतो आणि चिडू शकत नाही. लक्षण एवढंच सांगायचं, ‘कॉम्प्युटर कसातरीच करतोय.’ कुठला ब्राउझर, असं त्यानं विचारलं तर ‘गूगल’ म्हणावं. विंडोज कुठली, तर ‘ओरिजिनलसारखीच’. पडद्यावर काय लिहून आलंय, तर ‘इंग्रजीत काहीतरी आहे’. स्क्रीनशॉट मागितला तर मोबाइलनं पडद्याचा तिरका फोटो काढावा, म्हणजे मागची खिडकी, पंखा आणि बनियनमधले तुम्ही त्यात नीट येता. जाहिरात तेवढी येत नाही, कारण मोबाइल सापडेपर्यंत ती गेलेली असते.

मग तो हमखास एक प्रश्न विचारतो. ‘मामा, हे सुरू व्हायच्या आधी तुम्ही काय डाउनलोड केलं होतंत?’

इथे सावध! सगळ्या इलाजाची गुरुकिल्ली या एका प्रश्नात असते, म्हणून तर तो टाळायचा. मी दोन उत्तरं वापरून पाहिली आहेत. पहिलं, ‘हॅलो... हॅलो... तुझा आवाज तुटतोय रे.’ दुसरं, ‘सुट्टीत नातू आला होता ना.’ दुसरं जास्त टिकतं. नातू साडेतीन वर्षांचा आहे आणि त्याला अजून कानामात्रा येत नाही, पण हल्लीची पोरं काय, पोटातूनच शिकून येतात, असं म्हटलं की समोरचा गप्प बसतो.

मी तरी डाउनलोड करून काय करणार? आमच्याकडे कॉम्प्युटरला कामं दोनच. सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं, आणि वर्तमानपत्रांना पत्रं. रोजचं भविष्याचं सदर बंद करा, विज्ञानयुगात हे शोभत नाही, हे माझं पत्र मागे छापूनही आलं होतं. कात्रण काचेखाली आहे.

भाच्यानं नाद सोडला की स्वतः इलाज करायला घ्या. ‘अ‍ॅडवेअर काढण्याचे मोफत सॉफ्टवेअर’ असं शोधा आणि सगळ्यात वर, बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं जे येईल ते उघडा. पैसे देऊन वर बसलाय म्हणजे माणूस घरंदाज असणार. पान उघडलं की डाउनलोडची चार बटणं दिसतील. खरं बटण करड्या रंगाचं, कोपऱ्यात, लाजून बसलेलं असतं. तिकडे बघू नका. ताटाएवढं हिरवं दाबा.

अ‍ॅडक्लीनर नावाचं एक साधन आहे म्हणतात. 2016 साली ते मालवेअरबाइट्स या कंपनीनं विकत घेतलं, आणि अजूनही ते फुकट मिळतं. इन्स्टॉल करावं लागत नाही, काही मिनिटांत झाडूनपुसून मोकळं होतं. पण मला सांगा, ज्याला पैसे पडत नाहीत आणि जे आरडाओरडा करत नाही, त्याचा गुण कसा येणार? मी घेतलं ते सॉफ्टवेअर कसं, डबल क्लिक केल्यावर आठ सेकंदांत त्यानं 1,847 दोष काढले. आमच्या सासूबाईंनंतर इतक्या झटपट कुणी काढले नव्हते. दोष दाखवणं मोफत, घालवायचे पैसे. त्याच्या जोडीला आणखी दोन अँटिव्हायरस बसवले. एका नाडीवर तीन वैद्य बसले की ते आधी एकमेकांचंच औषध विष ठरवतात. तिघं मिळून एकमेकांना व्हायरस म्हणू लागले आणि मशीन सुरू व्हायला चहा उकळून गार होईपर्यंत वेळ लागू लागला.

यात लाजण्यासारखं काही नाही, उलट आपण परंपरा चालवतोय. जुन्या लोकांना बॉन्झीबडी आठवत असेल, जांभळा गोरिला. पडद्यावर नाचायचा, विनोद सांगायचा आणि मागच्या मागे जाहिराती आणायचा. नंतर जावा अद्ययावत करताना आस्क नावाच्या शोधयंत्राचा टूलबार, म्हणजे ब्राउझरवरची जादा पट्टी, यायची. चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असायची, आपण फक्त नेक्स्ट म्हणायचं. आणि 2017 साली तर आपण कमालच केली. फुकटच्या सॉफ्टवेअरला लटकून घरात शिरणारं ‘फायरबॉल’ नावाचं अ‍ॅडवेअर जगातल्या 25 कोटी संगणकांत आहे, असं चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीनं जाहीर केलं. त्या यादीत पहिला नंबर भारताचा, अडीच कोटींच्या वर. आकडा फुगवलाय, असं मायक्रोसॉफ्टनं नंतर म्हटलं. म्हणणारच. आपलं कौतुक कुणाला बघवतं?

मधे एकदा क्रोमच्या मेन्यूत तळाशी ओळ दिसली: ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’. मला शिक्षण संस्थेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. उरली ती गृहनिर्माण संस्था. सेक्रेटरीवर माझा आधीपासून संशय होताच. पार्किंगच्या विषयावर मी काय टाइप करतो हे त्याला बैठकीआधीच कळत असे. मी तडक जाऊन जाब विचारला. तो बिचारा टाकीचा व्हॉल्व्ह बदलत होता. अ‍ॅडवेअर विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, ‘पॉलिसी’ लिहून ठेवतं, म्हणजे आपण काढलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावलेलं ठिगळ, परत बसतं आणि क्रोमला वाटतं की ऑफिसच्या साहेबाचा हुकूम आहे, हे मला फार पुढे कळलं. तोवर सेक्रेटरीशी बोलणं बंद झालं होतं, तो फायदाच.

कधीतरी पडदा लालभडक होतो, भोंगा वाजतो आणि मायक्रोसॉफ्टचा म्हणून एक फोन नंबर येतो. आमच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, असं मायक्रोसॉफ्ट सांगून दमली. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की भोंगाही बंद होतो. पण एवढ्या आपुलकीनं नंबर दिलाय, तर लावायला काय हरकत आहे? पलीकडचे साहेब अमेरिकेतले असल्यासारखं इंग्रजी बोलतात आणि तुम्ही अडखळलात की अस्खलित हिंदीवर येतात. या कलेत आपला जिल्हाही मागे नाही हो. 2016च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली, तिथली पोरं अमेरिकनांना त्यांच्याच आयकर खात्याचे अधिकारी बनून दम देत होती. साहेब तुम्हाला एनीडेस्क, म्हणजे आपलं मशीन लांबून दुसऱ्याच्या हाती देणारं सॉफ्टवेअर, घ्यायला सांगतील. या मार्गानं खाती साफ होतायत, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं 2019च्या फेब्रुवारीतच देऊन ठेवलाय, तेव्हा ती जुनी बातमी झाली. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 नंबरवर जितक्या लवकर कळवाल तितके ते वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. म्हणून चार दिवस कुणाला काही न बोलता पासबुक गादीखाली ठेवावं.

(मी नंबर लावला नव्हता. तेव्हा आमचं रिचार्ज संपलं होतं.)

शेवटी दुकान. दुकानदार सीपीयूकडे न बघताच म्हणाला, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ आमच्याकडे पूर्वी प्रत्येक दुखण्यावर एरंडेल देत, तसा हा. खोकला असो, मुरगळलेला पाय असो, एरंडेल. पाचशे रुपये घेतले, बॅकअप घेतला म्हणाला आणि घेतला नाही. सगळी इतिवृत्तं गेली, आणि मुलाच्या बायोडेटासाठी स्टुडिओत जाऊन काढलेले फोटोही. विंडोज मात्र ‘ओरिजिनलसारखीच’ टाकून दिली, तिला चालू करायला एक चोरटं अ‍ॅक्टिव्हेटर. ते आत घेताना अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवायचा असतो, असं त्यानं कानात सांगितलं. चोराला आत घ्यायचं तर कुत्रा बांधावाच लागतो.

घरी आणून लावलं, क्रोममध्ये आपल्या खात्यानं शिरलो आणि दहा मिनिटांत तीच शोधपट्टी, त्याच जाहिराती. मी पहिल्यांदाच मनापासून म्हणालो, ‘बघा, आपोआप आलं!’ आणि काय सांगू, या वेळी ते थोडंफार खरं होतं. एक्स्टेन्शनं गूगलच्या खात्याबरोबर सिंक होतात. कॉम्प्युटर धुतला तरी खात्यात जपलेलं ते लोढणं लॉगिन केल्यावर मुकाट्यानं घरी परततं. दुकानदारानं घर धुतलं होतं, आणि पाहुणा अंगणात उभा होता.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना. मदतीला आलेल्या माणसाला खुर्चीत बसू देऊ नका. आपण बसावं, त्याला मागे उभं करावं आणि माउस सोडू नये.

माझी चूक तिथेच झाली. वरच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी हॉलतिकिटाची प्रिंट काढायला आली होती. सगळ्या सोसायटीला मी काका, हिला मात्र मी आजोबा. मी प्रिंटरचा कागद सरळ करायला उठलो तेवढ्यात ती बसली. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस’ असं टिंग वाजलं. ती म्हणाली, ‘आजोबा, हा व्हायरस नाहीये, नोटिफिकेशन आहे. तुम्ही अलाउ दाबलंय.’

‘मी नाही. तिथे रोबोट नसाल तर दाबा असं लिहिलं होतं.’

‘म्हणजे दाबलंय.’

सेटिंग्ज, प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे अकरा नावं निघाली. मी त्यांतल्या एकालाही ओळखत नव्हतो आणि सगळ्यांना माझी परवानगी होती. तिनं ती एकेक करून पुसली, जशी बाई तांदळातले खडे वेचते. मग दोन एक्स्टेन्शनं काढली, सिंकमधूनही घालवली. मग डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. टार्गेटच्या ओळीत शेवटी एका साइटचा पत्ता चिकटवलेला होता, म्हणून क्रोम उघडलं की आधी तीच यायची. तोही खोडला. एकूण वीस मिनिटं. चहाही झाला नव्हता.

इथवर ठीक होतं. पण मग तिनं कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमांची यादी उघडली. त्या यादीला एक ‘इन्स्टॉल्ड ऑन’ नावाचा रकाना असतो. सज्जन माणसानं त्याच्या मथळ्यावर कधीही क्लिक करू नये. केलं की सगळी यादी तारखेप्रमाणे लागते, आणि कॉम्प्युटरला ‘आपोआप’ हा शब्द ठाऊक नसल्यामुळे तो नुसत्या तारखा सांगत सुटतो.

‘आजोबा, हे बघा. ड्रायव्हर अपडेटर, सर्चबार, हवामान, पीसी क्लीनर, सगळी 14 जूनचीच आहेत. म्हणजे हे कशाच्या तरी बरोबर आलंय. 14 तारखेला काय केलं होतं?’

‘फॉरमॅट करून आणला त्याच दिवशी. नातू...’

‘नातू 2 तारखेला गेला,’ स्वयंपाकघरातून आवाज आला. ‘आणि 14 ला मी तासगावला होते. घरी तुम्ही एकटेच.’

मुलीनं तोवर डाउनलोड्सचा फोल्डर उघडला होता. एकच फाइल चार वेळा, नावापुढे कंसात 1, 2, 3. डबल क्लिक करून लगेच काही झालं नाही की माणूस पुन्हा उतरवून घेतो, यात गैर काय? तिनं नाव मोठ्यानं वाचलं. ‘मोफत मराठी कुंडली व गुणमेलन.’

मी काचेखालचं कात्रण कोपरानं झाकलं.

‘मेन प्रोग्रॅम हाच आहे, बाकीचे चारही याच्या मागून आलेत,’ ती म्हणाली. ‘काढून टाकू?’

ही हात पुसत दारात येऊन उभी राहिली. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘काढ. पण काढायच्या आधी उघड गं जरा, त्या कराडच्या मुलीशी किती गुण जुळतायत ते बघू दे.’