नवाहो दागिना घ्यावा तर असा

ग्रँड कॅनियनहून वाट वाकडी करून नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या दागिन्यांसाठी न्यू मेक्सिकोतल्या गॅलपला आलाच आहात, तर रिकाम्या हातानं परतू नका. काचेवर ‘आज 70 टक्के सूट’ अशी पाटी असलेलं दुकान शोधा. पाटी उन्हानं विटलेली असेल तर उत्तमच. सूट चांगली मुरली आहे म्हणायचं.

दुकानदार सांगेल, हे कडं शंभर वर्षांपूर्वीचं, अमेरिकी नाणी वितळवून घडवलेलं, कुणा नवाहो आजीनं गहाण टाकलेलं. मान डोलवा. आतल्या बाजूला 925 चा, म्हणजे हजारात 925 भाग चांदीचा, शिक्का दिसला म्हणून शंका काढू नका. त्या नाण्यांची चांदी 900 कसाची असायची, पण एवढा हिशेब सुट्टीत कोण करतं? नक्षी मात्र निरखून पाहा. पोलादी ठसा हातोडीनं एकेक ठोकत गेलं की एखादा घाव खोल बसतो, एखादा तिरपा. असला माल बाजूला सारा. शेजारी साच्यात ओतलेली बारा जुळी कडी असतील, कडा बोथट, पाठीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. तीच घ्या. (नवाहो कारागीरही टफा दगडात साचा कोरून चांदी ओततात, पण तो साचा थोड्याच ओतींत झिजतो. डझनानं जुळी त्यातून निघत नाहीत.)

खड्याचा निळा जितका एकसारखा, तितके पैसे जास्त मोजा. ‘स्लीपिंग ब्यूटी’चा फिरोजा आहे म्हटलं की विषय संपला. ॲरिझोनातल्या ग्लोबजवळच्या त्या खाणीतून फिरोजा काढणं 2012 साली थांबलं. मग हा इतका स्वस्त कसा, असं विचारणं बरं दिसत नाही. हाउलाइट नावाच्या पांढऱ्या दगडाला अंगच्याच करड्या शिरा असतात, निळ्या रंगात बुडवला की झाला फिरोजा. ॲसिटोनचा बोळा कडेला फिरवला तर बोळाच निळा होतो, म्हणून ॲसिटोन हॉटेलवर विसरा. राळ भरून घट्ट केलेला खडा तसा वाईट नसतो बरं का. खाणीतला बराचसा फिरोजा खडूसारखा ठिसूळ, राळेशिवाय त्याला घासून आकारही देता येत नाही. तुम्ही फक्त त्याला नैसर्गिक खड्याचा भाव द्या.

बिलावर कारागिराचं नाव, जमात, चांदीचा कस, खड्यावरची प्रक्रिया, यातलं काही लिहून मागू नका. परका माल मूळ अमेरिकी कारागिरांचा म्हणून विकणाऱ्याला 1990 च्या कायद्यानं पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लेखी देऊन बिचारा अडकायचा.

एवढं करूनही अस्सल अंगठी गळ्यात पडलीच, तर घरी आल्यावर बघून घेता येतं. कोंदणाची पट्टी मऊ 999 चांदीची असते. डाख आधी, खडा सगळ्यात शेवटी, कारण फिरोज्याला आच सोसत नाही. जुन्या पद्धतीत खडा वर उचलून धरायला खाली लाकडाचा भुसा भरतात. ती अंगठी घालून रोज भांडी घासा. भुसा पाणी पिऊन फुगतो आणि खड्याला खालून रेटतो. रविवारी डोक्याला खोबरेल चोळतानाही ती काढू नका. सच्छिद्र खडा तेल पिऊन हळूहळू हिरवट पडतो. एक दिवस तो बेसिनच्या जाळीत सापडेल. ओल्या भुशावरच फेव्हिक्विकचे दोन थेंब टाका आणि चेपा.