फेदरबेड फ्रेम नॉर्टनच्या डिझाइन ऑफिसात बनली नव्हती

टीव्हीएसने नॉर्टन घेतल्यापासून जुन्या ब्रिटिश रेसिंग बाईक्सवरचे फॉरवर्ड सारखे येतायत, त्यातला एक परवा भाच्याने फॅमिली ग्रुपवर टाकला. पोरगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सेमिनारला हाच मजकूर उचलणार म्हणतोय, म्हणून गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: नॉर्टनच्या मँक्स या रेसिंग बाईकची फेदरबेड फ्रेम कंपनीच्या डिग्रीवाल्या इंजिनिअर्सनी बर्मिंगहॅमच्या ऑफिसात काढली, इंजिन एका झाडूवाल्याने रातोरात सुधारलं, नॉर्टनचा रेसर जेफ ड्यूक फक्त मशीनमुळे जिंकला आणि मग पैशासाठी इटलीला पळाला, आणि शेवटी होंडाने येऊन नॉर्टनचं रेसिंग संपवलं. एप्रिल २०२० मध्ये टीव्हीएसने नॉर्टन विकत घेतली, तेवढं बरोबर आहे.

आधी फ्रेम, कारण सगळ्यात जास्त चीड तिचीच आहे. ही फ्रेम रेक्स मॅकँडलेसची. उत्तर आयर्लंडचा माणूस, इंजिनिअरिंग कॉलेजात कधी शिकला नाही, जे शिकला ते हाताने काम करून आणि रेस करून. भाऊ क्रोमी पण रेसर, १९५१ ला १२५ सीसीची टीटी (आइल ऑफ मॅन बेटावरची मोठी रेस) जिंकलेला. महायुद्ध चालू होतं तेव्हाच रेक्सने स्वतःसाठी एक स्पेशल बाईक बांधली, मागे स्विंगआर्म (चाक धरून खाली-वर हलणारा दांडा) आणि हायड्रॉलिक शॉकॲब्सॉर्बर लावून, आणि नॉर्टनच्या रेसर्सना मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं मागे जुन्या पद्धतीचं प्लंजर सस्पेन्शनच होतं आणि ती जुनी फ्रेम रेसच्या माराने तुटायची. रेक्स नॉर्टनचा नोकरदार डिझायनर नव्हता, बाहेरचा माणूस होता. त्याने नळ्यांचे दोन पूर्ण लूप काढले, स्टीअरिंग हेडजवळ एकमेकांना क्रॉस करून, म्हणजे फ्रेम पिळली जायची ती थांबली. नळ्या रेनॉल्ड्स कंपनीच्या ५३१ स्टीलच्या, जोड ब्राँझ वेल्डिंगचे, आणि तसं वेल्डिंग करायची सोय नॉर्टनकडे नव्हती म्हणून प्रोडक्शनच्या फ्रेम्ससुद्धा रेनॉल्ड्समध्ये केन स्प्रेसनच्या देखरेखीखाली बनल्या. डिझाइन बाहेरचं, वेल्डिंगही बाहेरचं, मग ते डिझाइन ऑफिस आलं कुठून?

एप्रिल १९५० मध्ये ब्लँडफर्डला ड्यूकने ती पहिल्यांदा रेसमध्ये उतरवली आणि जिंकला. नंतर जूनमध्ये टीटी. टीटीचे अधिकृत निकाल ऑनलाइन आहेत, १९५० काढून बघा. ज्युनिअरला (३५० सीसी) पहिले तीन आर्टी बेल, ड्यूक, हॅरल्ड डॅनिएल. सीनिअरला (५०० सीसी) ड्यूक, बेल, जॉनी लॉकेट. सहाच्या सहा जागा नॉर्टनच्या. आणि यातला बेल हा रेक्सचा धंद्यातला पार्टनर, तोही बेलफास्टचा.

नॉर्टनच्या रेसिंगचा प्रमुख जो क्रेग, त्याचं श्रेय मी काढून घेत नाही, ते सिंगल सिलिंडर इंजिन त्याने वर्षानुवर्षं ताणून पॉवर काढली. पण फ्रेम त्याची नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोराला असं काम फक्त ऑफिसात बसलेले डिग्रीवालेच करतात असं शिकवणं हे सरळ नुकसान आहे, तो उद्या वर्कशॉपमधल्या फिटरचं ऐकणार नाही.

झाडूवाला म्हणजे लिओ कुझमिकी. इथे अर्धं खरं आहे, मान्य करतो. युद्धानंतर हा पोलिश माणूस नॉर्टनच्या ब्रेसब्रिज स्ट्रीटच्या कारखान्यात हलकी कामं करत होता असं सगळेच सांगतात. पण तो इंजिनांचं शिक्षण घेतलेला माणूस होता, कारखान्याला ते उशिरा कळलं. मग त्याने कंबशन चेंबरवर काम करून ३५० ची पॉवर वाढवली. रातोरात काही झालं नाही. पुढे तो व्हॅनवॉल फॉर्म्युला वन कारच्या इंजिनावरही होता.

ड्यूकबद्दल जे लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं. १९५० चं ५०० सीसीचं वर्ल्ड टायटल त्याने एका पॉइंटने घालवलं, इटलीचा मासेट्टी २८, ड्यूक २७, कारण बेल्जियम आणि हॉलंडला टायरने दगा दिला. १९५१ ला ३५० आणि ५०० दोन्ही टायटल्स त्याची. १९५३ ला जिलेरा या इटालियन कंपनीकडे गेला आणि लागोपाठ तीन वर्षं ५०० जिंकला, आणि तिथली चार सिलिंडरची बाईक नीट वळावी म्हणून फ्रेम सुधारायला त्यानेच लावली. मशीनच सगळं करत असतं तर हे कसं झालं? आणि पैशाचं म्हणाल तर १९५५ ला हॉलंडच्या आसेनमध्ये प्रायव्हेट रायडर्सनी जास्त स्टार्ट मनीसाठी (रेसमध्ये उतरण्याबद्दल मिळणारे पैसे) संप केला तेव्हा हा फॅक्टरी रायडर त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्यात त्याचं स्वतःचं काही अडलं नव्हतं. शिक्षा म्हणून सहा महिने बंदी आली आणि १९५६ चा सीझन हातचा गेला. असल्या माणसाला पैशासाठी पळाला म्हणायचं?

होंडाचं तर तारखाच बघा. नॉर्टनने फॅक्टरी टीम १९५४ नंतर बंद केली. होंडा टीटीला आली १९५९ ला, तीही १२५ मध्ये, आणि ५०० मध्ये १९६६ ला. मधली सगळी वर्षं ५०० चं टायटल जिलेरा आणि एमव्ही ऑगस्टा या इटालियन बाईक्सकडे होतं. होंडाने हरवायला नॉर्टनची टीम उरलीच कुठे होती.

त्यानंतर मँक्स चालू ठेवली ती ट्यूनर्सनी, म्हणजे बाहेर स्वतंत्रपणे इंजिनं तयार करणाऱ्या मेकॅनिक्सनी. १९६० ला डेरेक मिंटरने सिंगल सिलिंडरवर टीटीचा पहिला ताशी १०० मैलांचा लॅप काढला, ती बाईक स्टीव्ह लँसफिल्डने तयार केलेली. १९६१ ला माईक हेलवुडने सीनिअर टीटी ताशी १०० मैलांवरच्या सरासरीने जिंकली, ते इंजिन बिल लेसीचं. १९६९ ला युगोस्लाव्हियात ओपातियाला गॉडफ्री नॅशने मँक्सवर ५०० ची ग्रांप्री मारली, एमव्हीची टीम त्या रेसला आली नव्हती हे खरं, पण फॅक्टरीने हात काढून तोवर पंधरा वर्षं झाली होती. मॅकँडलेस, स्प्रेसन, लँसफिल्ड, लेसी, फॉरवर्डमध्ये यातलं एकही नाव नाही.