बॉम्बे स्ट्रीटमागची भिंत

माझा चुलत भाऊ वसईत शांतता समितीचा सदस्य आहे. सण तोंडावर आले की पोलीस ठाण्यात बैठक होते, चहा-वडापाव होतो, सर्व धर्मांच्या मंडळींचा एकत्र फोटो निघतो आणि तो दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात छापून येतो. इंग्लंडमधल्या आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, गटाबरोबर मी उत्तर आयर्लंडला ‘शांततेच्या तीर्थयात्रे’ला निघाल्याचे घरच्या व्हॉट्सॲप गटावर कळवले, तेव्हा सर्वांनी हात जोडलेली चित्रे पाठवली. भावाने मात्र लिहिले, “बाय, तू विमानाने जाऊन शांतता बघून ये. मशिदीसमोर ढोल थांबवायचा की नाही, यावर दोन तास डोके फोडून मी आत्ताच घरी आलोय.”

बोचले, कारण त्याचे म्हणणे निम्मे खरे होते. बावीस वर्षे परदेशात राहिलेल्या माणसाला मायदेशातील भांडणे फार सोपी वाटू लागतात. शनिवारी सकाळी मोबाइलवर बातम्या वाचायच्या, ‘कुठे चालला आहे आपला महाराष्ट्र’ असा उसासा टाकायचा आणि मग आठवड्याची भाजी आणायला निघायचे, एवढीच आमची झीज होते. २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली आणि एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून काही संघटनांनी विरोध केला, तेव्हाही मी इथून तावातावाने लिहिले होते. त्या दिवसांत वसईतल्या शेजाऱ्यांशी रोज बोलायचे होते ते माझ्या भावाला.

आम्ही सव्वीस जण होतो. निम्मे आमच्या कॅथलिक चर्चचे, निम्मे पलीकडच्या रस्त्यावरच्या अँग्लिकन चर्चचे. त्यांत केरळच्या परिचारिका, दोन नायजेरियन कुटुंबे, एक पोलिश सुतार आणि उरलेले इंग्रज. बेलफास्टमध्ये पहिल्याच सकाळी आम्हाला फॉल्स रोडजवळच्या क्लोनार्ड मठाच्या परिसरात नेले आणि तिथल्या गल्ल्यांच्या पाट्या वाचून मी थबकले. कश्मीर रोड, कानपूर स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट आणि त्यांच्या जोडीला चक्क बॉम्बे स्ट्रीट. साम्राज्याच्या काळात दिलेली ही नावे अजून टिकून आहेत. १५ ऑगस्ट १९६९ रोजी, म्हणजे आपल्याकडे झेंडावंदन चालू होते त्या दिवशी, या बॉम्बे स्ट्रीटवरील कॅथलिक कुटुंबांची घरे जाळली गेली. घरे पुन्हा बांधली, पण त्यांच्या पाठीशी भिंत उभी राहिली ती आजही आहे. परसदारावर लोखंडी जाळीचा पिंजरा चढवलेला आहे, कारण भिंतीपलीकडून दगड येत. त्या जाळीखाली दोरीवर लहान मुलांचे गणवेश वाळत होते.

भिंतीच्या पलीकडच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट बाजूला पर्यटकांना मार्कर पेन देतात आणि भिंतीवर शांततेचा संदेश लिहायला सांगतात. आमच्यातील बहुतेकांनी लिहिला. मला ते जमले नाही. ज्यांच्या मुलांचे गणवेश पिंजऱ्याखाली वाळतात त्यांच्या भिंतीवर मी इंग्लंडहून येऊन ‘प्रेम करा’ असे लिहायचे, यात मला भावाचा तो टोमणाच ऐकू येत होता. उत्तर आयर्लंडच्या सरकारने या भिंती २०२३ पर्यंत हटवण्याचे उद्दिष्ट २०१३ मध्ये जाहीर केले होते. भिंतींतली काही फाटके आजही रात्री बंद होतात, आणि त्या हटवायला अनेकदा भिंतीलगत राहणाऱ्यांचीच तयारी नसते.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचे हे भांडण मुळात एकांची मिस्सा की दुसऱ्यांची उपासना यावरचे नव्हतेच. ब्रिटनबरोबर राहायचे की आयर्लंडमध्ये सामील व्हायचे, नोकरी आणि घर कोणाला मिळायचे, हा प्रश्न होता. धर्म ही ओळखीची खूण होती. तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली आणि १९९८ च्या गुड फ्रायडेला करार झाला. आपल्याकडच्या चर्चेत धर्मग्रंथांतले उतारे काढून वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या विद्वानांना मी एकदा बेलफास्टला आणू इच्छिते. तिथे वाद असतो तो रस्त्यावरचा.

शब्दशः रस्त्यावरचा. दर उन्हाळ्यात ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेच्या बँडसह मिरवणुका निघतात. पोर्टडाउन गावात ड्रमक्रीच्या चर्चमधून परतणारी मिरवणूक कॅथलिक वस्तीच्या गार्वाही रोडवरून जायचीच, असा एकांचा हट्ट आणि जाऊ देणार नाही, असा दुसऱ्यांचा. १९९८ च्या जुलैत हा तंटा पेटलेला असताना बॅलिमनी या गावात एका घरावर पेट्रोल बॉम्ब टाकला गेला आणि आठ, नऊ व दहा वर्षांचे तीन सख्खे भाऊ जळून मेले. ‘आमच्या वाडवडिलांचा हा रस्ता आहे’ आणि ‘आमच्या दारासमोर मुद्दाम वाजवता’ ही दोन्ही वाक्ये मला भाषांतराशिवाय कळत होती.

त्याच वर्षीच्या कायद्याने तिथे मिरवणूक आयोग आला. मिरवणूक काढणाऱ्याने किमान अठ्ठावीस दिवस आधी पोलिसांकडे अर्ज द्यायचा. त्यात वेळ, मार्ग, माणसांची संख्या, बँडची नावे आणि स्वयंसेवकांची व्यवस्था लिहायची. वाद असेल तर आयोग अटी घालतो आणि त्या जाहीर करतो. बेलफास्टमधल्या एका कॅथलिक चर्चसमोरून जाताना फक्त भक्तिगीतांची धून वाजवावी, इतक्या बारकाव्यापर्यंत त्या जातात. प्रेम, बंधुभाव, एकोपा यांतला एकही शब्द त्यांत नसतो. ज्यांना हे कोरडे वाटते त्यांनी आपल्याकडची ‘भाई-भाई’ची पोस्टर्स आठवावीत.

अर्थात नुसत्या अर्जाने भागत नाही. बेलफास्टच्या आर्डॉइन भागात परतीच्या मिरवणुकीला मनाई झाल्यावर २०१३ पासून रस्त्याकडेला निषेधाचा तळ पडला तो तीन वर्षे हलला नाही. अखेर २०१६ मध्ये स्थानिक रहिवासी आणि ऑरेंज ऑर्डरच्या शाखा यांच्यात समझोता झाला. त्यासाठी दोन माणसे मध्यस्थ होती: मेथॉडिस्ट पाळक हॅरल्ड गुड आणि डेरी शहरातील व्यावसायिक जिम रॉडी. हेच हॅरल्ड गुड २००५ मध्ये आयर्लंडच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेने शस्त्रे निकामी केली तेव्हा साक्षीदार होते आणि दुसरे साक्षीदार होते क्लोनार्ड मठाचे फादर ॲलेक रीड. मार्च १९८८ मध्ये जमावाने पकडलेल्या आणि आयरिश रिपब्लिकन आर्मीने गोळ्या घालून मारलेल्या ब्रिटिश सैनिकाच्या अर्धनग्न देहाशेजारी गुडघे टेकून बसलेला जो धर्मगुरू जगभर छापल्या गेलेल्या छायाचित्रात दिसतो, तोच हा माणूस. त्या दिवशी त्यांच्याजवळ वाटाघाटींचे एक गुप्त पत्र होते आणि त्याच्या पाकिटाला रक्त लागले होते, हे जगाला पुष्कळ नंतर कळले.

हॅरल्ड गुड सत्तरच्या दशकात ज्या सलोखा केंद्राचे प्रमुख होते, त्या बॅलिकॅसलजवळच्या कॉरिमीलात आमचा तीन दिवस मुक्काम होता. १९६५ मध्ये ते सुरू करणारे प्रेस्बिटेरियन पाळक रे डेव्ही हे दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होते आणि ड्रेस्डेनवरची बॉम्बफेक त्यांनी पाहिली होती. समुद्राकडे तोंड करून असलेल्या त्या घरांत प्रवचने फारशी होत नाहीत. भांडी घासावी लागतात. माझ्या जोडीला बेलफास्टची एक प्रॉटेस्टंट आजी होती; ती विसळायची, मी पुसायची. तिने विचारले, “तुमच्याकडे लग्नात कोणाला बोलावत नाहीत?” मी हिंदू-मुसलमानांविषयी बोलायला तोंड उघडले आणि थांबले. आमच्या वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा वेगवेगळ्या समाजांचे ख्रिस्ती एकाच वेदीसमोर एकाच फादरांच्या हातून प्रभुभोजन घेतात. पण माझ्या आत्याच्या मुलीने दुसऱ्या ख्रिस्ती समाजातला मुलगा पसंत केला, तेव्हा आमच्याच घरातल्या चौघांनी लग्नाच्या जेवणाकडे पाठ फिरवली होती. मी त्या आजीला तेच सांगितले. ती नुसती “हं” म्हणाली आणि पुढची ताटली दिली.

परदेश पाहा आणि शिका, असे मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये याच बेलफास्टमध्ये स्थलांतरितांच्या दुकानांना आगी लावल्या गेल्या. सिटी हॉलसमोरच्या त्या दिवशीच्या मोर्चात आयरिश तिरंगा आणि ब्रिटिश झेंडा शेजारी शेजारी फडकत होते. दोन्ही बाजू एकत्र आल्या त्या माझ्यासारख्या रंगाच्या माणसांविरुद्ध, ही गोष्ट आमच्या तीर्थयात्रेच्या माहितीपत्रकात नव्हती. आमच्या गटातील केरळच्या एका परिचारिकेची मैत्रीण तिथल्या रुग्णालयात काम करते. त्या आठवड्यात ती गणवेशावर कोट चढवून आणि मान खाली घालून कामावर जात होती.

शिवाय शिकायचेच तर बेलफास्ट कशाला, भिवंडी पुरे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याआधीच्या मार्गाच्या, घोषणांच्या आणि गुलालाच्या वादाचा तपशील नोंदवून ठेवला आहे. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळली. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या, ज्यांत नेत्यांऐवजी गल्लीतली सामान्य हिंदू-मुसलमान माणसे पोलिसांबरोबर नेमाने बसत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईत पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी याच धर्तीवर चळवळ चालवली. आपल्या दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत दंगलीचा दोष कोणाचा यावर तासभर जातो. भिवंडी का पेटली नाही, हा विषय मी तिथे ऐकलेला नाही.

परतल्यावर भावाला फोन केला. त्याला फाटके, भिंती, फादर रीड सगळे सांगितले. तो ऐकून घेत होता, पण मागे टीव्ही चालू होता. मिरवणुकीच्या अर्जाचे सांगितले तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

“अठ्ठावीस दिवस आधी? आमची बैठकच सणाच्या चार दिवस आधी असते. तोवर ढोलवाल्याला सुपारी दिलेली असते, मग कोण ऐकतो? आणि अटी सगळ्यांना वाचायला मिळतात म्हणतेस?”

“हो. जाहीर करतात.”

“त्या अर्जाचा फोटो पाठव,” तो म्हणाला. “आणि हे बघ बाय, इंग्रजीतला नको. बसून मराठीत नीट लिहून पाठव.”