साधा काळा टी-शर्ट मिळेल का हो कुठे?

छातीवर इंग्रजी सुविचार नको. खांद्याला भोकं नकोत, बाहीला झालर नको, आणि चाळिशीच्या बाईने पोटावर कार्टून मिरवावं असं ज्याला वाटतं त्याने ते स्वतः मिरवावं. मला एक साधा काळा सुती टी-शर्ट आणि एक पांढरा कुर्ता हवाय, बास! अख्खा मॉल पालथा घातला तरी हे मिळू नये?

मिळतो तो कसा, तर आत हात घातला की बाहेरून बोटं मोजता येतात. किंमत मात्र 999. कापड किती जाड ते जीएसएमवर, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं त्यावर कळतं. 180 च्या आसपास असलं तर टी-शर्टला बरं अंग असतं, 130-140 ला आरपार दिसायला लागतं. आता हा आकडा लेबलवर शोधून दाखवा! धुवायचं कसं, वाळवायचं कसं याची अख्खी चित्रलिपी तिथे असते, हे तेवढं नसतं.

आणि धुतल्यावरची गंमत तर विचारूच नका. दोन-तीन धुण्यांत बाजूची शिवण फिरत फिरत बेंबीकडे निघते. होजिअरीच्या सुताला पीळ असतो, पाणी लागलं की तो सुटतो आणि कापड तिरकं जातं. कापायच्या आधी कापड नीट आटवून मोकळं होऊ दिलं तर हे बरंचसं आवरतं. पण तेवढा वेळ घालवतंय कोण! त्यांनी करायचं आटवणं माझ्या वॉशिंग मशिनमध्ये होतं आणि एलचा एम होऊन बाहेर येतो.

विदर्भात कापूस पिकतो, इचलकरंजीत माग चालतात, तिरुपूरचे टी-शर्ट जगभर जातात. आणि आमच्या हातात काय, तर बाहेर टॅगवर ठसठशीत ‘कॉटन ब्लेंड’ आणि आत शिवणीतल्या चिठ्ठीवर मुंगीच्या अक्षरात 60 टक्के पॉलिस्टर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एप्रिलमध्ये घालून दाखवा ते.

खिशांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. बायकांच्या पँटला वरून खिशाची शिवण, फ्लॅप, वर बटणसुद्धा, आणि आत पिशवीच नाही! त्याच दुकानात पलीकडच्या रांगेत पुरुषांच्या पँटला पाकीट, मोबाइल, किल्ल्या सगळं मावेल असे खिसे. आम्ही काय मोबाइल दातात धरून फिरायचं?

पांढरा कुर्ता पारदर्शक आहे म्हटलं तर सेल्सगर्ल म्हणते, “आत स्लिप घाला ना मॅडम.” म्हणजे तुमचं कापड विरळ म्हणून पुण्याच्या उन्हात मी दोन थर घालायचे, आणि त्या स्लिपचेही पैसे मीच द्यायचे. वर काउंटरवर मोबाइल नंबर सांगितल्याशिवाय बिल होत नाही म्हणतात. अहो, 2023 च्या मे महिन्यातच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने बजावलंय, नंबरची सक्ती करू नका म्हणून. ऐकतंय कोण?

चुकून एखादा चांगला टी-शर्ट हाती लागतोही. जाड कापड, गळा सैल पडत नाही, रंग जात नाही. तसेच आणखी चार घ्यावेत म्हणून गेलं की ठरलेलं उत्तर: “तो पॅटर्न बंद झाला मॅडम, नवीन सीझनचा माल आलाय.” अरे, साध्या काळ्या टी-शर्टला कसला डोंबलाचा सीझन?