कंपाऊंड गेलं ते बरंच झालं, पण वॅक्सने कोणाचं काय घोडं मारलं होतं?

डिटेलिंगवाल्या, म्हणजे गाड्या पॉलिश करून चमकवणाऱ्या, पोरांच्यात बसलं आणि जुन्या रबिंग कंपाऊंडचं, म्हणजे रंग घासायच्या दाणेदार लेपाचं, नाव काढलं की हसतात हल्ली. वॅक्स, म्हणजे चकाकीसाठी वरून चोळायचं मेण, म्हटलं तर अजूनच. "दादा, कुठल्या जमान्यात आहात?" मी कुडाळात गाड्या घासतो, आधी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात होतो आणि आता स्वतःची छोटी शेड आहे, त्यामुळे दोन्हीकडची बाजू मला माहितीय. माझं म्हणणं एवढंच की या दोन गोष्टी एकाच दमात उचलून बाहेर टाकल्या गेल्या, त्यातली एक जायलाच हवी होती आणि दुसरी उगाच गेली.

आधी कंपाऊंडचं बघू. ते बनलंच होतं सिंगल स्टेज रंगासाठी. अँबॅसेडर, पद्मिनी, जुन्या जीपा, यांच्यावर रंग हाच शेवटचा थर, वर काही नाही. ऊन खाऊन तो रंग मरायचा, पांढुरका पडायचा, बोट फिरवलं की बोटाला लागायचा. मग जाड दाण्याचं कंपाऊंड घ्यायचं, लोकरीचा पॅड लावायचा, रोटरी, म्हणजे एकाच जागी गरगर फिरणारं पॉलिशचं मशीन, चालू करायची आणि घासत सुटायचं. गाडी लाल असली की पॅड पण लालभडक व्हायचा आणि ते बघून बरंच वाटायचं, कारण मेलेला थर निघतोय आणि खालून ताजा रंग येतोय हे डोळ्याला दिसायचं. आमच्याकडची एक म्हातारी आसामी अजून विचारते, "मेल्या, तो पयलो डबो खंय गेलो?" त्यांचं काय चूक, त्यांच्या जीपला तो डबा शंभर टक्के लागू होता.

पण रंग बदलला ना. परदेशात ८०च्या दशकात क्लिअर कोट रुळला आणि आपल्याकडे मेटॅलिक रंगाच्या गाड्या वाढत गेल्या तसा आपल्याकडेही आला. आता रंगाच्या वर पारदर्शक थर, आणि चकाकी म्हणतो ती सगळी त्याचीच. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतं, त्यात क्लिअर ३५ ते ५०. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे बघा काय शिल्लक ठेवून खेळायचंय. त्यात ऊन अडवणारं रसायन पण त्याच थरात असतं, तो तुम्ही दर दिवाळीला जाड कंपाऊंडने उतरवत गेलात तर काही वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटायला लागतात आणि मग कुठलंही पॉलिश मारा, सरळ रंगच काढावा लागतो. अशा गाड्या हायवेला किती दिसतात मोजून बघा. आणि गंमत म्हणजे क्लिअरवर घासताना पॅडला रंग येतच नाही, त्यामुळे किती गेलं ते कळतच नाही, मायक्रॉन मोजायचं मीटर हातात नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार.

मग दाणा बदलला. आधीची बरीच कंपाऊंडं अशी की घासता घासता दाणा फुटून बारीक होत जायचा, म्हणजे मध्येच हात थांबवला तर ओरखडे राहणार आणि जास्त वेळ फिरवत बसलात तर पत्रा तापणार. नंतर न फुटणारे, एकसारखे बारीक दाणे आले. मेग्वायर्सचं एम १०५ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. कंपनी जुनी, १९०१ ची, सुरुवात फर्निचरच्या पॉलिशने झालेली, २००८ साली थ्रीएमने घेतली. एक काळ असा होता की ज्याच्या शेल्फवर एम १०५ आणि त्याच्यानंतर मारायचं बारीक पॉलिश एम २०५, ही जोडी नाही तो डिटेलर नाही. आणि तरी ते मागे पडलं. कापत नाही म्हणून नाही हां, ते कापत नाही असं आजही कोणी म्हणत नाही. पण ते लवकर सुकतं, धूळ करतं, आणि मधल्या काळात लांब थ्रोची डीए मशीनं, म्हणजे फिरता फिरता मोठ्या घेरात डुलणारे पॉलिशर, आली, मायक्रोफायबरचे पॅड आले, जास्त वेळ ओलं राहणारी आणि जवळजवळ धूळच न करणारी कंपाऊंडं आली. गाडी घासायला जेवढा वेळ तेवढाच फटी-फटीतली पांढरी धूळ काढायला लागला तर कोण वापरणार. आपल्या धंद्यात माल बाद होतो तो असा, मजुरीच्या हिशोबाने.

अजून एक कारण कोणी बोलत नाही ते म्हणजे उजेड. पूर्वी शेडमध्ये एक ट्यूबलाइट, तिच्याखाली सगळं छान दिसायचं. आता दोनशे-चारशेची एलईडी टॉर्च कोणाकडेही असते, गिऱ्हाईक स्वतः मोबाईलचा फ्लॅश मारून बघतं आणि रोटरीचे होलोग्राम, म्हणजे मशीनने उठलेल्या चमकत्या रेघा, लगेच दिसतात. वन-स्टेप चकाकी देणारी पॉलिशं यातच उघडी पडली. त्यांच्यात तेलं आणि फिलर असायचे, ओरखड्यात जाऊन बसायचे, ओरखडा काही जायचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसलं की बारीक ओरखड्यांची जाळी परत हजर. आणि आमच्या कोकणात तर अल्कोहोल पण नको, रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जूनचे पहिले पंधरा दिवस सगळं धुऊन बाहेर काढतात. शिवाय त्यात सिलिकॉन असलं की पेंटर शिव्या घालतो, कारण नंतर त्या पत्र्यावर रंग मारायला गेलं की रंग सरकतो आणि बारीक बारीक खड्डे पडतात, ज्यांना फिश आय म्हणतात. हे माझ्या जुन्या गॅरेजात इतक्या वेळा झालंय की शेवटी शेठनी असल्या बाटल्या आत आणायलाच बंदी केली.

तर ही सगळी मंडळी गेली, चांगलं झालं. पण वॅक्स?

कार्नोबा वॅक्स म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका पामच्या पानावरचं मेण, वितळतं ८२ ते ८६ अंशाला, म्हणजे झाडातून मिळणाऱ्या मेणांत चांगलंच कडक. ते बाद का झालं तर एक म्हणजे टिकत नाही, आमच्या पावसात तर काही आठवडेच. दुसरं कारण माझ्या मते जास्त खरं, गाड्याच बदलल्या. आता प्रत्येक एसयूव्हीला खालून काळ्या खरबरीत प्लॅस्टिकची किनार असते आणि त्यावर वॅक्स लागून सुकलं की पांढरे डाग, ब्रश घेऊन बसा काढत. आणि तिसरं, जे कोणी तोंडावर बोलणार नाही, वॅक्स मारायचे पैसे काही शे मिळतात आणि सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे क्लिअरवर चढवायच्या कडक पारदर्शक थराचं, बिल पंधरा-वीस हजारांच्या घरात जातं. मग वॅक्स जुनाट झालं नाही तर काय होणार.

कोटिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही, मीही करतो, पोट त्यावरच आहे. पण ९एच ९एच करून जे विकतात ना, ते ९एच म्हणजे पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाची टेस्ट, त्याचा हिऱ्याशी वगैरे काही संबंध नाही. गाडी झाडूने पुसलीत तर कोटिंगवर पण जाळी पडणार. मे महिन्यात हापूसखाली गाडी लावली आणि देठाचा चीक पडून तसाच उन्हात भाजला तर कोटिंग असो नसो, डाग राहतो. किनाऱ्याकडे बोअरच्या खारट पाण्याने धुऊन गाडी तशीच उन्हात सोडली तर पाण्याचे डाग कोटिंगवर उलट जास्त हट्टी बसतात, मालवण-देवगडकडच्या गाड्यांचं मला रोजचं बघणं आहे. वॅक्सवर डाग पडला तर वॅक्ससकट निघतो आणि दुसरा हात मारता येतो, मालकाला स्वतःला, अंगणात बसून. हे कोटिंगमध्ये नाही, तिथे परत पॉलिशर लावायचा म्हणजे परत क्लिअर खर्च.

म्हणून ज्याची गाडी बारा महिने झाडाखाली आणि वाऱ्यावर असते त्याला मी अजून सांगतो, आधी हलकं डीए पॉलिश करून घ्या, मग वॅक्स किंवा स्वस्तातलं स्प्रे सीलंट (वॅक्सच्या जागी फवारून पुसायचं रसायन), पावसाआधी एकदा आणि नवरात्राच्या सुमारास एकदा, काळं प्लॅस्टिक टेपने झाकून. आणि ज्याला कोटिंगच हवंय त्याने डिसेंबर-जानेवारीत यावं. ते हवेतला ओलावा घेऊन बसतं, भर पावसाळ्यात इतकं झटकन धरतं की पुसून सारखं करायच्या आत पट्टे राहतात. गणपतीला गावी येणारे चाकरमानी चतुर्थीच्या दोन दिवस आधी फोन करतात, "दादा, कोटिंग होईल का?" नाही होणार. वॅक्स होईल, तासा-दीड तासात, चहा घेईपर्यंत थांबा.